आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत

"मॅडम, आवाज येतोय की, पण शब्द कळंनात."

सोलापुरात अक्कलकोट रोडकडनं, साखर पेठेतनं, विडी घरकुलातनं माझ्याकडं तपासणीला येणारी माणसं खुर्चीत बसल्या बसल्या हेच वाक्य बोलतात, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. आणि सोबत आलेली घरची माणसं लगेच म्हणतात, "नाटक आहे हो, पैशाचं बोललं की बरोबर ऐकू येतं." मला ह्या वाक्याचा मनापासून राग येतो. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे किती ऐकू येतंय हे मोजणं आणि ऐकायचं मशीन बसवून देणं हे माझं काम, औषध आणि ऑपरेशन ईएनटी, म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टरांचं. माझे वडील, अण्णा, आयुष्यभर यंत्रमागावर होते. त्यामुळं हा विषय मी आधी घरात बघितला आणि मग पुस्तकात वाचला, आणि आज जरा सविस्तर लिहायचं ठरवलंय, का की ह्या "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" मध्ये कानाचं सगळं शास्त्र आहे आणि ते समजलं तर घरातली अर्धी भांडणं मिटतील असं मला खरंच वाटतं.

आधी मागाचा आवाज नेमका कुठनं येतो ते सांगते. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारा तुकडा, ह्या टोकाकडनं त्या टोकाला फेकला जातो, तिकडच्या पेटीत आदळून थांबतो, परत फेकला जातो, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि एका शेडमध्ये असे आठ-दहा माग शेजारी शेजारी. वर पत्रे, खाली फरशी, चारी बाजूला भिंती, म्हणजे आवाज कुठं जिरायलाच जागा नाही. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये मीटर धरला तर काटा शंभर डेसिबलच्या आसपास फिरतो. डेसिबलचा हिशोब साधा नाहीये, १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहा पट होते, त्यामुळं ९० आणि १०० मध्ये "थोडासाच फरक" नसतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरलीय. अमेरिकेतल्या नायोश ह्या कामगार-आरोग्याच्या संस्थेचा हिशोब त्याहून कडक आहे, ८ तासांना ८५, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असं करत करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. आता आपल्याकडची पाळी किती तासांची असते आणि किती वर्षं असते ते तुम्हाला माहीतच आहे.

तर हा धोट्याचा आवाज कानात शिरल्यावर काय होतं बघा. कानाची बाहेरची पाळी आवाज गोळा करते आणि सुमारे अडीच सेंटिमीटरच्या नळीतनं आत पाठवते. नळीच्या शेवटी पडदा. हा पडदा मी रोज बघते तरी मला त्याचं नवल वाटतं. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर, मोत्यासारखा करडा रंग आणि जरा आरपार दिसणारा. दुर्बिणीतनं लाईट टाकला की खालच्या बाजूला उजेडाचा एक छोटा त्रिकोण चमकतो, उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी, डाव्या कानात सातच्या जागी. तो त्रिकोण तिथं नीट दिसला की बहुतेक वेळा पडद्याची तब्येत ठीक आहे. मागं पाणी साठलं, पडदा आत ओढला गेला, की तो त्रिकोण मोडतो किंवा गायबच होतो.

पडद्याच्या मागं हवेची एक छोटी पोकळी आहे आणि तिच्यात शरीरातली सगळ्यात लहान तीन हाडं, हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब तर तीन मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. ही तीन हाडं कशाला ठेवलीत? तर आतल्या कानात पाणी आहे, आणि हवेतला आवाज सरळ पाण्यावर आदळला तर जवळजवळ सगळा परत फिरतो. पडदा मोठा, रिकीबीचा तळ लहान, त्यात हाडांची तरफ, ह्यामुळं दाब साधारण वीस पटीनं वाढतो आणि आवाज पाण्यात शिरू शकतो. ह्याच पोकळीत एक बारका स्नायू पण आहे जो मोठा आवाज आला की रिकीब आवळून धरतो, म्हणजे निसर्गानं थोडं संरक्षण दिलंय. पण त्याला आवळायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. धोट्याचा दणका, सुतळी बॉम्ब, हे तेवढ्यात आत पोचून काम करून गेलेले असतात. आणि सतत चाललेल्या आवाजात तो स्नायू बिचारा दमतो.

आत शंख आहे. कॉक्लिया. अडीच वेढ्यांचा, उलगडला तर ३५ मिलिमीटर भरेल एवढा. ह्याच्या आतल्या पट्टीवर केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, आणि त्या जन्माला येताना जेवढ्या मिळतात तेवढ्याच. माणसात त्या परत उगवत नाहीत. प्रत्येक जागेची पेशी वेगळ्या सुराला हलते. शंखाच्या तोंडाशी बारीक, टोकदार, उंच आवाज, आणि आत टोकाला जाड, खर्जातले आवाज. आवाजाची लाट ह्या पट्टीवरनं कशी पळते हे ग्यॉर्ग फॉन बेकेशी ह्या शास्त्रज्ञानं शोधून काढलं, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं.

सोलापूरकरांना समजावताना मी टॉवेलचं उदाहरण देते. नवा टर्किश टॉवेल हातात घ्या, लूप कसे उभे असतात. वापरून वापरून जिथं जास्त घासतो तिथले लूप आधी बसतात, मग झडतात, खालचं कापड दिसायला लागतं, पण बाकीचा टॉवेल अजून चांगलाच असतो. कानात पण तसंच, मोठ्या आवाजानं सगळ्या केसपेशी एकदम जात नाहीत, एका ठरावीक जागेच्या आधी जातात. ती जागा म्हणजे ४००० हर्ट्झच्या आसपासची, हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच ते मोजायचं माप. आवाज कुठलाही असो, मागाचा, डीजेचा, बंदुकीचा, पहिला खड्डा बहुतेक ३००० ते ६००० च्या मध्ये पडतो.

ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख. डावीकडं खालचे सूर, उजवीकडं उंच, आणि रेष जितकी खाली तितकं ऐकू कमी. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. मागावरच्या माणसाचा आलेख डावीकडनं बरा चालत येतो, २५०, ५००, १००० ला रेष वरच असते, आणि ४००० ला आली की विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते, ८००० ला परत थोडी वर येते. आलेखाचा कागद नुसता हातात आला तरी मी विचारते, कुठल्या कारखान्यात होता काका? दोन्ही कानांचे खड्डे जवळजवळ सारखे असतात, का की शेडमध्ये आवाज चारी बाजूनं येतो.

आता त्या वाक्याकडं येऊ. बोलण्यातली ताकद स्वरांमध्ये असते, आ, ई, ऊ, ओ, आणि म, न, ल सारख्या अक्षरांमध्ये, हे सगळे खालच्या सुरात. पण शब्दाचा अर्थ ठरतो तो स, श, फ, थ, ख, ट, क ह्या बारीक अक्षरांवर, आणि ती अक्षरं हळू असतात आणि वरच्या सुरात असतात, नेमकी तिथं जिथं खड्डा पडलाय. म्हणजे मंडईत भाजीवाली "साठ" म्हणाली तर ह्यांना "आ" ऐकू येतो, पुढचं मागचं गळतं. साठ का आठ का पाठ का काठ, अंदाजानं ठरवायचं. शांत खोलीत, समोरासमोर, विषय माहीत असेल तर मेंदू अंदाज बरोबर लावतो. पैशाचं बोलणं का कळतं? कारण विषय ओळखीचा असतो आणि माणूस कान टवकारून तोंडाकडं बघत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये, पंखा-टीव्ही-मिक्सर चालू असताना, पाठमोऱ्या सुनेचं बोलणं कळत नाही, कारण तिथं अंदाज लावायलाच काही नसतं. बायकांचे आणि लहान पोरांचे आवाज उंच, त्यामुळं ते जास्त अवघड. नातवाचं बोलणं कळत नाही आणि बाहेर रस्त्यावरचा ट्रक मात्र ऐकू येतो, ह्यात नाटक काहीही नाही.

दुसरी तक्रार पण अशीच. "जरा जोरात बोल" म्हणतात आणि जोरात बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणून चिडतात. घरच्यांना वाटतं स्वभाव विचित्र झाला. स्वभावाचा काही संबंध नाही हो. केसपेशी गेलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज तुमच्या-माझ्याइतकाच मोठा लागतो, मधली जी जागा असते ती आक्रसते. त्यामुळं ओरडून बोलण्याचा उपयोग नाही. ओरडताना आपण स्वरच ताणतो, "आाा" वाढतं, स आणि ट आहेत तिथंच राहतात. त्यापेक्षा समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश, आणि कळलं नाही तर तेच वाक्य परत परत न म्हणता शब्द बदलून सांगायचं. "साठ" नाही कळलं तर "सहा दहा" म्हणा की.

आमच्या घरी अण्णा आमच्या तोंडाकडं बघूनच बोलणं समजून घ्यायचे. शेडमध्ये माणसं ओठ आणि हात हलवून बोलतात, आवाज काढण्यात अर्थच नसतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत बायका अशाच ओठ मोठे करून बोलायच्या, त्याला तिकडं 'मी-मॉइंग' असं नावच पडलं होतं. सात समुद्रापार तेच माग, तोच आवाज आणि माणसांनी काढलेली तीच वाट, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. आणि धंद्यानं कान जातो हे काय आज कळलेलं नाही, इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी ह्या डॉक्टरनं तीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय की दिवसभर तांबं ठोकून ठोकून हे लोक बहिरे होतात. आपल्या फॅक्टरी ॲक्टनं पण आवाजानं येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत केव्हाच घातला. तरीसुद्धा शेडमध्ये कुणी कधी कामगाराचा कान तपासलाय असं मला क्वचित दिसतं. नवीन, धोटा नसलेले माग आलेत आता, त्यांचा दणका तसा बसत नाही, पण शेडमध्ये दोन हातांवरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तो आवाज कानाला जास्तच आहे असं समजा. मीटर नसला तरी ही खूण चालते.

अण्णांच्या कानात रात्री रातकिडे बोलायचे. "ऐक, बाहेर रातकिडे किती झालेत," असं भर उन्हाळ्यात बंद खोलीत म्हणायचे. त्याला टिनिटस म्हणतात, कानात सूं, शिट्टी, रातकिडे, कुकरची वाफ, ज्याला जसं वाटेल तसं. बहुतेक वेळा तो कानाच्या गेलेल्या भागामुळंच असतो, तिकडनं येणारी माहिती तुटली की मेंदू आपला आवाज भरतो. वेड लागलेलं नसतं, भूतबाधा नसते. दोन्ही कानात बारीक सूं असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर मात्र ईएनटीला दाखवा.

हे झालं नसेचं, म्हणजे आतल्या कानाचं. सगळेच बहिरेपण असे नसतात, आणि बरेचसे तर बरे होणारे असतात. मळ, पडद्याला भोक, पडद्यामागं पाणी, हाड जाम होणं, ह्यात आवाज आत पोचायची वाट अडलेली असते, शंख शाबूत असतो. हे दोन्ही ओळखायला आजही १८५५ ची रिने साहेबांची टेस्ट वापरतात, ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा चिमटा, वाजवून एकदा कानामागच्या हाडावर ठेवायचा, एकदा कानासमोर धरायचा आणि कुठं जास्त ऐकू येतंय ते विचारायचं. चांगल्या कानाला आणि नसेचा बहिरेपणा असलेल्या कानाला समोर जास्त येतो, वाट अडलेली असेल तर हाडावर जास्त. एक गंमत घरी करून बघा, ओठ मिटून हूंऽऽ करा आणि एक कान बोटानं बंद करा, आवाज बंद केलेल्या कानातच जास्त घुमतो. हाडातनं आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही म्हणून.

मळाबद्दल तर मी कितीही लिहू शकते. मळ ही घाण नाहीये, तो कानाचा मलम आहे. नळीच्या बाहेरच्या भागातच तो तयार होतो, आणि पडद्यावरची कातडी स्वतःच हळूहळू बाहेर सरकत असते, नख वाढतं साधारण त्या वेगानं, आणि मळाला सोबत घेऊन येते. म्हणजे कान आपला आपण साफ होतो. आपण बड घालून तो परत आत ढकलतो आणि पडद्याला चिकटवतो. बडच्या डब्यावरसुद्धा बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की नळीत घालू नका. बड, काडेपेटीची काडी, गाडीची चावी, केसातली पिन, स्टँडवर कान साफ करून देणाऱ्या माणसाची सळई, ह्यातलं काहीही नको. मळ घट्ट झाला असेल तर डॉक्टर थेंब देतात, चार-पाच दिवसांनी काढतात, पाच मिनिटांचं काम.

आणि तेल! बाळाला न्हाऊ घालताना टाळूला तेल घालतात ते घाला, पण कानात नको. लसूण घालून कडवलेलं तेल, गोमूत्र, कांद्याचा रस, हे सगळं मी कानात घातलेलं बघितलंय. ज्या पोराचा पडदा फुटलाय त्याच्या कानात तेल घातलं की ते सरळ मधल्या कानात जातं. नळीत ओल आणि तेल राहिलं की बुरशी येते, आत ओल्या कागदासारखा पांढरा थर आणि वर काळे ठिपके दिसतात, आणि खाज अशी की माणूस झोपू शकत नाही. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना पावसाळ्यात ती जास्त होते. अव्वा-आजींना मी हात जोडून सांगते, तुमची माया मला कळते, पण कानात काही घालू नका.

कान वाहणाऱ्या मुलांबद्दल जरा थांबून लिहिते, का की इथं उशीर फार होतो. नाकाच्या मागनं मधल्या कानात जाणारी एक नळी असते, युस्टेशियन ट्यूब, विमानात किंवा घाटात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात ते हिच्यामुळं. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की जंतू पटकन कानात पोचतात. म्हणून बाळाला पूर्ण आडवं ठेवून बाटली देऊ नये, डोकं जरा वर पाहिजे. रात्री कान ठणकतो, पोर रडतं, सकाळी पू येतो आणि दुखायचं थांबतं, आई म्हणते बरं झालं. दुखायचं थांबतं ते पडदा फुटून दाब सुटला म्हणून. बऱ्याचदा असा पडदा परत भरून येतो, पण वारंवार झालं तर भोक कायमचं राहतं आणि मग प्रत्येक सर्दीला, प्रत्येक आंघोळीला कान वाहतो. "लहानपणापासून वाहतोय, मोठं झाल्यावर थांबेल" हे ऐकून ऐकून मी थकले. त्यातलाही एक प्रकार धोक्याचा, पाणी थोडंच येतं पण घाण वास असतो, त्यात कातडीची पिशवी मधल्या कानात वाढत जाते आणि हाडं खाते, पुढं चेहऱ्याची नस, मेंदूचं आवरण इथपर्यंत जाऊ शकते. त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात आणि त्याला ऑपरेशनच लागतं. साध्या भोकाला पण ऑपरेशन आहे, कानावरच्याच स्नायूचं पातळ आवरण घेऊन पडदा शिवतात, चांगलं होतं.

अजून एक, पोरं कानात ज्वारीचा दाणा, शेंगदाणा, मणी घालतात. दाणा असेल तर पाणी-तेल घालू नका, फुगतो आणि अडकतो. जिवंत किडा शिरला असेल आणि पडदा चांगला असेल तर तिथं मात्र थोडं कोमट तेल चालतं, किडा मरतो, मग डॉक्टरकडनं काढून घ्या. खेळण्यातला बटन सेल असेल तर सकाळची वाट बघायची नाही, काही तासात आतली कातडी जळते.

चक्कर हाही कानाचाच विषय आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. शंखाच्या शेजारी तीन अर्धगोल नळ्या असतात, तोल सांभाळायला. जवळच्या पिशवीतले कॅल्शियमचे बारीक खडे सुटून ह्या नळीत गेले की अंथरुणात कूस बदलली, वर बघितलं, की घर फिरतं, मिनिटभराच्या आत थांबतं. लोक मणक्याचा एक्स-रे काढून, गळ्याला पट्टा बांधून फिरत असतात. एप्ली नावाची एक पद्धत आहे, डोकं ठरावीक क्रमानं फिरवून खडे परत जागेवर नेतात, गोळी नाही, सुई नाही. चक्कर तासन् तास, सोबत एका कानात सूं आणि जडपणा, ऐकू कमी, असं असेल तर तो मेनिएरचा आजार असू शकतो, त्याची ट्रीटमेंट वेगळी.

आणि हे एक लक्षात ठेवाच. सकाळी उठलं आणि एक कान एकदम बंद, ना सर्दी ना मळ, तर त्याला दडा समजून आठ दिवस काढू नका. नसेचा अचानक येणारा बहिरेपणा असेल तर स्टिरॉइडची ट्रीटमेंट जितकी लवकर तितकी उपयोगी, पहिल्या एक-दोन दिवसात पोचलात तर उत्तम, दोन आठवडे उलटले की हातात फार काही राहत नाही. मघाशी सांगितलेलं हूंऽऽ इथं थोडी कल्पना देतं, बंद कानात जास्त घुमलं तर बहुतेक मळ-पाणी, चांगल्या कानात गेलं तर नसेचा संशय. पण ते फक्त कल्पनेपुरतं, दाखवायचं ते दाखवायचंच.

डीजेबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धवट राहील. आपलं गाव मिरवणुकांचं, मला पण आवडतात, संक्रांतीला सिद्धेश्वर महाराजांचे नंदीध्वज निघतात तेव्हा मी काम सोडून बघायला जाते. लेझीम, हलगी, ढोल हे उघड्यावर, थोडा वेळ, पुढं सरकत जाणारं. स्पीकरची भिंत ट्रॉलीवर उभी करून गल्लीत दोन्हीकडच्या घरांच्या मध्ये तासन् तास थांबवणं हा प्रकार वेगळा आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे, आणि त्या भिंतीपुढं आवाज शंभराच्या कितीतरी वर असतो. दुसऱ्या दिवशी पोरं येतात, कान जड, सूं चाललंय. एक-दोन दिवसात बरं वाटतं आणि सगळे विसरतात. पण २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ऐकणं पूर्ववत झाल्यावरसुद्धा केसपेशी आणि नस ह्यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. म्हणजे आलेख नॉर्मल, पण गर्दीत शब्द कळायला त्रास. अण्णांचा कान पोटासाठी गेला. वीस वर्षाच्या पोराचा कान भिंतीपुढं नाचून जावा ह्याचं मला फार वाईट वाटतं. आणि खांद्यावर तीन वर्षाचं लेकरू घेऊन त्या स्पीकरजवळ उभं राहू नका, त्याला सांगता येत नाही दुखतंय म्हणून.

गेलेल्या केसपेशी परत येत नाहीत म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही. मशीन लावता येतं. डिजिटल मशीन आलेखाप्रमाणं सेट करतो, खालचे सूर आहेत तसे आणि वरचे तेवढे वाढवून, म्हणून दुसऱ्याचं मशीन उसनं लावून "मला नाही चालत" असं ठरवू नये. पहिले काही आठवडे भांड्याचा आवाज, वर्तमानपत्राचा आवाज पण टोचतो, मेंदूनं वर्षानुवर्षं ऐकलेला नसतो ना तो. आधी घरात शांत वेळी दोन-तीन तास, एका माणसाशी बोलताना, मग हळूहळू बाहेर. लोक नेमकं पहिल्यांदा लग्नात लावून जातात आणि परत कपाटात ठेवतात. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतनं मशीन मिळू शकतं, सिव्हिलला ईएनटी विभागात चौकशी करा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी तर एकेक महिना मोलाचा आहे, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटात होणारी ओएई टेस्ट असते, जन्मल्यावर लगेच करून घ्या, "आमच्याकडं सगळे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका.

मागावर काम करणाऱ्यांसाठी फोमचे प्लग. फार महाग नसतात, पण नीट घातले नाहीत तर उपयोग शून्य. हात धुवा, प्लग दोन बोटांत लाटून बारीक, सुरकुती न पडता वातीसारखा करा. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरनं नेऊन पाळी वर आणि मागं ओढा, नळी सरळ होते, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. समोरनं बघितलं आणि प्लग बाहेर लटकताना दिसला तर तो बसलेला नाही. कापसाचा बोळा घालतात त्यानं फारसं काही अडत नाही, वरचा आवाज जरा बुजतो एवढंच. आणि अर्धा तास काढून ठेवला तरी दिवसभराचा बराचसा फायदा जातो, तेव्हा जॉबरशी, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याशी, बोलायचं असेल तर प्लग काढू नका, शेडच्या बाहेर जाऊन बोला. प्लगमुळं मागाचा बदललेला आवाज कळत नाही, धागा तुटलेला कळत नाही, अशी तक्रार सगळे करतात, आणि ती पहिल्या आठवड्यापुरती खरी आहे, मग कान शिकतो.

कारखानदारांनी एवढं करावं, वर्षातनं एकदा प्रत्येकाचा ऑडिओग्राम, कामावर लागताना पहिला. ४००० चा खड्डा बोलण्यावर परिणाम व्हायच्या कितीतरी आधी आलेखात दिसतो, तेव्हाच प्लग लावले तर माणसाचे शब्द वाचतात. फक्त टेस्टला येताना रात्रपाळी संपवून तसेच थेट येऊ नका, आवाजातनं बाहेर पडून १४-१५ तास तरी झालेले असावेत, नाहीतर कान दमलेला असतो आणि आलेख खोटा खाली येतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी या, आदल्या रात्री हेडफोन नको, आणि घरातलं एक माणूस सोबत आणा, ज्याला तुमचं बोलणं "नाटक" वाटतं ते आणलंत तर जास्त चांगलं, मी त्यालाच आलेख समजावून सांगते.